सुदामदादाचा डोळा आणि आमच्या शाळेची लॅब

सुदामदादाचा डावा डोळा आमच्याच शाळेत फोडला गेला. लॅबच्या दारात, दिवसाढवळ्या.

आज सकाळी दादा गेला. नैरोबीत, झोपेतच.

त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आत्या, शांतपणे गेले."
मला रडता रडता हसू आलं. दादा आणि शांतपणे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुदामदादा माझा चुलतभाऊ. निमगाव केतकीजवळच्या आमच्या गावातला, आमच्या बौद्धवस्तीतला पहिला सायन्स ग्रॅज्युएट. केनियात एका सेकंडरी शाळेत फिजिक्स शिकवायचा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. दादा रजेवर आला तो पेटूनच आला.

"मंगल, तितल्या शाळंची जुनी पोरं लंडनला नोकऱ्या करत्यात. सगळ्यांनी मिळून शाळंला लॅब बांधून दिली. आमी काय मेलो व्हय?"

आमच्या शाळेत तेव्हा प्रयोग म्हणजे फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवायचा मजकूर. बीकर मी फक्त चित्रात पाहिला होता.

दादानं आपली बॅच गोळा केली. एकजण मस्कतला होता, एकजण बारामती एमआयडीसीत. जे ऐकेनात त्यांना घरी जाऊन शिव्या घातल्या. भंगाराची खोली रिकामी झाली, ओटे बांधले, पुण्याहून मायक्रोस्कोप आले.

दादाचा नियम एकच. "लांबनं बघायचं न्हाय. हात लावायचा. फुटलं तर फुटू दे."

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी नांगरापासून टायपरायटरपर्यंत सगळ्याची पूजा होते. लॅबची पण ठरली. आम्ही पूजा करत नाही, तरी दादानं हरकत घेतली नाही.

"तुमची पद्धत हाय, करा. स्टँडला हार घाला. फकस्त भिंगाला कुंकू लावू नका, खराब हुतंय."

हेडसरांनी मान डोलावली. पूजेचा मान संस्थेच्या चेअरमनचा. ते आले नाहीत, त्यांचा पुतण्या बबन आला. त्याला हे सांगितलेलं आवडलं नाही. त्यानं ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि मुद्दाम सरळ भिंगाकडे नेला.

मी त्याचं मनगट धरलं.

विचार वगैरे काही केला नाही. त्या भिंगातून मी कांद्याचा पापुद्रा पाहिला होता. ते भिंग माझं होतं, बस्स.

त्यानं माझ्या कानाखाली अशी मारली की मी ओट्यावर जाऊन आदळले.
"वस्तीतली पोरगी माझा हात धरती?"

दादा मध्ये पडून समजूत घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं बबनला कॉलरला धरून भिंतीवर आपटलं. नाक फुटलं. पूजेच्या ताटात रक्त पडलं.

बबन गेला. हेडसरांनी घाईघाईनं पोरं घरी पाठवली. दादा गेला नाही. लॅबला कडी लावून दारात उभा राहिला. त्यानं मला हाकललं, पण मीही गेले नाही.

थोड्या वेळानं बबनची माणसं घेऊन टेम्पो आला. काठ्या, गज, सायकलच्या चेन.

"सुदाम, बाजूला हो."
"न्हाय."

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी गुडघ्यावर. दादा खाली पडला तरी त्यानं चौकट सोडली नाही, मग त्यांनी त्याच्या बोटांवर गज मारला. दार मोडलं. आत नुसता काचांचा आवाज. मायक्रोस्कोप भिंतीवर फेकत होते आणि हसत होते.

दादानं सरपटत जाऊन एकाचा पाय धरला. त्यानं हातातला फुटका फ्लास्क दादाच्या तोंडावर हाणला.

मी पाहिलं ते.

मला ओढणाऱ्याच्या हाताचा मी लचका तोडला. त्या रक्ताची चव अजून आठवते. वाईट अजिबात वाटत नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, डोळा गेला.

माझे वडील, तात्या, खाटेच्या पायथ्याशी बसून होते. म्हणाले, "बास झालं. मंगलला शाळंतनं काढतो. जाईल आईबरुबर खुरपायला."

माझी शाळा तिथं, त्या खाटेपाशी संपत होती.

दादाला बोलताना ओठ दुखत होते. तरी बोलला.
"तात्या, पोरगी घरी बसली तर त्यांनी माझा दुसराबी डोळा काढला आसं समजा."

तात्या तोंडावर टॉवेल धरून रडले. दिवाळीनंतर त्यांनीच मला सायकलवरून शाळेत सोडलं. सगळ्यांसमोर, पार वर्गापर्यंत आले.

गावानं ते प्रकरण "मिटवलं". म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

पुढच्या वर्षी दादा परत आला. एक डोळा, त्याच शिव्या तोंडात आणि एसटीत मांडीवर धरून आणलेला मायक्रोस्कोप. केनियातल्या त्याच्या शाळेतल्या पोरांनी स्वतःच्या लॅबमधला काढून दिला होता. ज्यांनी निमगाव केतकी नकाशातही पाहिलं नसेल, त्या पोरांनी. त्या एकावर लॅब परत सुरू झाली, त्याच्यावरच मी दहावीची प्रॅक्टिकल दिली. आज फार्मा कंपनीत क्वालिटी बघते ती त्यामुळे.

आज दुपारी बबनचा फोन आला. आता तोच चेअरमन आहे.

"ताई, शाळेत शोकसभा ठेवतोय. दादांचा एक फोटो पाठवा की."
"पाठवते."
"तरुणपणीचा आसला तर बरं हुईल. म्हंजी... चांगला दिसल."

चांगला दिसेल!

मी गेल्या वर्षीचा पाठवलाय. जवळून काढलेला, चष्मा नसलेला. डाव्या बाजूची ती शिवलेली पापणी स्पष्ट दिसते.

बबनराव, हाच फोटो लावायचा. मोठा करून लावायचा. पोरांनी विचारलं, यांच्या डोळ्याला काय झालं, तर उत्तर तुम्ही द्यायचं. शोकसभेला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

दादा, जय भीम. तुझी लॅब चालू आहे.
नीट जा.