आगोट न भरता काढलेला पावसाळा

मी नगरकडची. आमच्याकडे पोटाची काळजी उन्हाळ्यात. पाऊस आला की बांधाबांधावर भाजी उगवते, म्हशी दुधाला येतात, माणसं हसायला लागतात. त्यामुळे मिशनने मला दिघीजवळच्या कोळीवाड्यातल्या दवाखान्यात नर्स म्हणून पाठवलं, तेव्हा बाकीच्या बायका मे महिन्यात तांदूळ, वाल, सुकी मासळी, सरपण घरात कोंबत होत्या आणि मी मजेत बघत होते. मला वाटलं, कोणाकडे लग्न असेल.

ती आगोट होती. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, बाजार लांब, म्हणून चार महिन्यांचं सगळं आधीच घरात भरून ठेवायचं. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण आधीच्या नर्सबाईंना कधी गरजच पडली नव्हती. मिशनचा शिरस्ताच होता: जूनमध्ये दवाखान्याला कुलूप, ते नारळी पौर्णिमेनंतर उघडायचं. छप्पर गळतं, बंदराला धोक्याचा बावटा लागला की आगरदांड्याची फेरीबोट बंद, घाटात दरड. कारणं सगळी खरी.

पण शेजारच्या मावशींच्या पायाला ही कारणं कशी सांगणार? मावशींना शुगर होती. गेल्या पावसाळ्यात, दवाखाना बंद असताना, त्यांच्या उजव्या पायाचं बोट सडलं आणि शेवटी कापावं लागलं. आता त्याच पायाच्या तळव्याला नवी जखम होती. रोज धुऊन पट्टी बदलली तर पाय वाचणार होता, नाहीतर घोट्यापासून जाणार होता. मी पुण्याला मिशनच्या मोठ्या बाईंना फोन करून सांगून टाकलं, मी कुलूप लावणार नाही.

मग पावसाने माझी चांगलीच जिरवली. खाटेवर गळायला लागलं म्हणून खाट सरकवली, तर नव्या जागीही गळायला लागलं. गॅसची गाडी येईना. लाकडं ओली, चूल नुसती धुमसायची. कपाटातला कापूस प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मी तो कोरडा ठेवला, स्वतः मात्र ओलीच राहिले. शेवटी शेवटी बिस्किटं आणि पाणी एवढंच जेवण उरलं. मोठ्या बाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, “सिस्टर, संकटातही उपकारस्तुती करायला शिकावं.” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “बाई, गळक्या छपरासाठी मी देवाचे आभार मानणार नाही. त्यालाही ते खरं वाटणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मावशींची पट्टी सोडायला बसले. मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“बाय, जेवलीस काय?”

“जेवले की.”

“खोटा बोलू नको. चुलीतून धूर येत न्हाय तुज्या. आगोट भरलीस का न्हाय?”

मला खरं सांगावं लागलं. त्या इतक्या हसल्या की पाय हलला आणि मी त्यांच्यावर खेकसले. त्या जुनीच पट्टी पायाला गुंडाळून गेल्या आणि तासाभरात परत आल्या, सोबत वाडीतल्या चार-पाच बायका. कोणी आपल्या आगोटीतले वाल, कोणी तांदूळ, कोणी सुकट, कोणी पदराखाली झाकून आणलेलं कोरडं सरपण. मी दारातच आडवी उभी राहिले. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, हा मिशनचा नियम. आणि नियमाचं काय घेऊन बसलात, माझी स्वतःचीच मान ताठ होती. आम्ही द्यायला आलेली माणसं; घेणारं दुसरं कोणीतरी असतं, असं मला वाटत होतं.

मावशी बाकावर बसल्या. मी पट्टी घेऊन वाकले तर त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतला.

“न्हाय बांधायची.”

“मावशी, पाय जाईल.”

“जाऊ दे. तू आमचा घेत न्हायस, तर मी तुजा कशाला घेऊ? मी काय भिकारीन हाय?”

मी रागावले, समजावलं, पाय कापावा लागेल म्हणून घाबरवलं. त्या भिंतीकडे बघत बसल्या. आयुष्यात मी एवढी हट्टी बाई पाहिली नव्हती, आणि मी रोज आरशात बघते. शेवटी मी सुकटीचा डबा उचलून घेतला. मग त्यांनी पाय पुढे केला. त्या दुपारी वालाचं बिरडं आणि भात मी रडत रडत जेवले. रडू भुकेचं होतं की रागाचं, मला आजही सांगता येणार नाही.

मोठ्या बाईंना मी स्वतःच फोन केला. “नियम मोडलाय. पुढेही मोडणार आहे. दवाखाना उघडा आहे.” त्यांनी एवढंच विचारलं, “पाय कसा आहे?” मी म्हटलं, “भरतोय.”

नारळी पौर्णिमेला मावशी माझ्या दारात आल्या. हिरवं लुगडं, हातात नारळ, पायात मी हट्टाने घालायला लावलेली बंद चप्पल. “चल,” म्हणाल्या. “का तुजा देव रागवंल?” मी त्यांच्याबरोबर निघाले. किनाऱ्यापर्यंत त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या, कोणाचा हात न धरता. एकदा मी हात पुढे केला तर त्यांनी तो झटकून टाकला. त्यांनी नारळ पाण्यात सोडला, आणि त्या पावसाळ्यातली माझी पहिली उपकारस्तुती माझ्या तोंडून मोठ्याने निघाली, वाडीतल्या सगळ्यांसमोर, दर्याकडे तोंड करून. कोणाला राग आला असेल तर येऊ दे.