शेणखतातली सुई

या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, किन्हीराजाजवळच्या आमच्या शेतात शेणखत पसरवताना एका मजूर बाईच्या उजव्या तळहातात इंजेक्शनची सुई घुसली. खत आमच्याच उकिरड्यातलं होतं.

आमच्या घराची रस्त्याकडची खोली वडिलांनी एका डॉक्टरला भाड्याने दिली आहे. दवाखाना झाडला की केर मागच्या दाराने उकिरड्यावर जातो. त्यात रक्ताचा कापूस असतो, रिकाम्या बाटल्या असतात, सुयाही. उकिरड्यात सगळं कुजतं, अशी घरातली समजूत. पेरणीआधी तेच खत ट्रॉलीने शेतात जातं आणि बाया ते हाताने विस्कटतात. काचबिच दिसली तर त्यांनीच वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकायची. त्या केरातल्या सुया मी अनेक वर्षं पाहत होतो. बोललो नव्हतो.

बाईने हात झटकला तेव्हा वडील धुऱ्यावर होते. ते म्हणाले, "काटा असन. वावरात काय गाद्या रायतात?" बाकीच्या बाया हसल्या. तिने तळहातावर माती दाबली आणि टोपलं उचललं.

दुपारी भाकरीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. पदराची गाठ सोडून तिने वाकलेली सुई दाखवली.

"भाऊ, काट्याले भोक रायते का?"

मी तिचा हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायला लावला आणि तिला मोटरसायकलवर वाशिमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की धोका कमी आहे, पण नाही असं म्हणता येत नाही. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हायला हव्यात. त्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. पहिली गोळी त्यांनी समोरच दिली, काविळीची लसही टोचली. सुई कोणाला टोचलेली होती आणि केरात कधी पडली, हे कळलं आणि तो पेशंट तपासता आला, तर गोळ्या कदाचित थांबवता येतील, असंही त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी आमच्या भाडेकरू डॉक्टरला तेच विचारलं.

"सुई माहीच कशावरून? शुगरवाले घरोघर इन्सुलिन टोचून राह्यले," तो म्हणाला.

पेशंटांची नोंदवही मागितली. ती ठेवत नसल्याचं त्याने सांगितलं. टेबलाखाली सुया कापायच्या यंत्राचं खोकं होतं. त्यावरची चिकटपट्टी फाडलेली नव्हती. वडील बाकावर बसलेले होते. डॉक्टर गेले तर ताप आल्यावर कोणाकडे जाशील, असं त्यांनी मला विचारलं. बाईच्या हाताबद्दल दोघांपैकी एकानेही काही विचारलं नाही.

तिने अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या. पहिले दोन आठवडे उलट्या होत होत्या. तरी ती मजुरीला जात राहिली. कशाच्या गोळ्या, हे तिने सोबतच्या बायांना सांगितलं नाही. गावात बोभाटा झाला तर आपल्या हातचं पाणी कोणी पिणार नाही, असं ती मला म्हणाली.

मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही. दवाखाना सुरू आहे. केर त्याच दाराने बाहेर येतो.

सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासलं. दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले. सहाव्या महिन्याची तपासणी व्हायची आहे.