अपाकुकीच्या फळ्या

अपाकुकी सुवा शहरातल्या या वस्तीत आला तेव्हा त्याच्याकडे एक बायको, एक चटई आणि जमिनीच्या मालकापुढे ठेवायला मानाच्या पेयाची, यंगोनाच्या मुळांची जुडी होती. मालकानं मुळं घेतली, म्हणजे राहा. कागद इथं कुणाकडेच नाही.

घरं खारफुटीच्या चिखलात, रस्त्यापर्यंत वाट फळ्यांची. ज्याच्या वाट्याला जेवढी वाट येईल तेवढी त्यानं सांभाळायची. अपाकुकीच्या वाट्याला घरापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा आला. त्याच्या बारा फळ्या मागच्या घरातल्या उनाइसीच्या नवऱ्यानं दिल्या. पुढं अपाकुकी लाकडाच्या वखारीत रखवालदार झाला. मग वखारीचा खाकी शर्ट घालून चर्चला जायचा, जणू देवाचं फाटकही यालाच उघडायचं होतं. जुन्या फळ्या त्यानं चुलीत घातल्या, नव्या टाकल्या आणि एकेकीवर तांबड्या रंगानं आपलं नाव काढलं.

अठरा वर्षांनी त्याला सरकारी योजनेत पक्कं घर लागलं. निघायच्या दिवशी सकाळीच तो खिळे उपटायला बसला.

उनाइसी डोक्यावर उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचं पातेलं घेऊन उभी. रोज बसथांब्यावर ते विकायचं, त्यावर तिचं घर चालायचं.

"हे काय रे?"

"फळ्या माझ्या आहेत, मावशी. नाव वाचा."

"वाचलं. माझ्या नवऱ्याच्या कुठं गेल्या?"

"त्या कुजल्या होत्या."

"जेवण शिजलं ना पण त्यांच्यावर? बरं, मागच्या चौदा घरांनी बाहेर कसं पडायचं?"

"पोहत या. मला कोंबड्यांचं खुराडं बांधायचंय."

त्याची बायको लोसालिनी दारातून म्हणाली, "अहो, आधी फ्रीज तरी न्या."

"आणि तोवर या लोकांनी फळ्या लांबवल्या म्हणजे? तुला माणसं कळत नाहीत."

माणसं कळणाऱ्या अपाकुकीनं एकूण एक फळी रस्त्यावरच्या भाड्याच्या ट्रकमध्ये भरली आणि वळून बघितलं. तो रस्त्यावर. पलीकडे बायको, फ्रीज, गाद्या. मध्ये मांडीभर चिखल, आणि भरतीचं पाणी चढत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "दुपारी मला दुसरं भाडं आहे."

"अरे पोरांनो, जरा हात लावा."

वस्तीतली पोरं घरांच्या पायऱ्यांवर बसून उनाइसीचा कसावा खात होती. तो तरी आता कुठं विकला जाणार होता?

"पोहत ये की," उनाइसी म्हणाली.

अपाकुकीनं एकट्यानं फळ्या उतरवल्या, एकट्यानं परत मांडल्या. दोनदा पडला. खाकी शर्टाचा रंग ओळखू येईना. तरी फ्रीजला चार माणसं लागणारच होती.

"उचला रे," उनाइसी पोरांना म्हणाली. "फ्रीज गेला म्हणजे हाही जाईल."

शेवटची गादी ट्रकमध्ये पडली तेव्हा पाणी फळ्यांवरून वाहत होतं. अपाकुकी पुन्हा पहिल्या फळीशी वाकला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. लोसालिनी त्याच्या शेजारी बसली होती.

"येताय, का मी जाऊ?" तिनं विचारलं.

तो गेला. हातात नुसती पक्कड.

पाणी ओसरल्यावर पोरांनी खिळे ठोकले. सोमवारी उनाइसी पातेलं घेऊन निघाली. रस्त्याला लागण्याआधी तिनं पायाचा चिखलानं भरलेला तळवा तांबड्या अक्षरांवर नीट पुसला. लाकूड मात्र चांगलं होतं. वखारवाल्याचं.