बोल्ट कोणाच्या ताब्यात होता

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे उद्धवराव, आदिलाबादकडच्या बेल्याच्या तहसिलात गिरदावर होते. शेतांच्या मोजण्या आणि पंचनामे करण्यातच नोकरी सरली. शौक एकच, जुन्या रायफलींचा. तीन होत्या. त्यांच्या आजोबांची विलायती, तिच्याच घडणीची, इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली, आणि एक लहान पॉइंट बावीस. शिकारबंदी आली तेव्हा मामाजी ऐन जवानीत होते. त्यानंतर हरणावर त्यांनी कधी नेम धरला नाही. मक्यात रानडुकरं घुसली आणि सरपंचानं परवानगीचा कागद आणला, तरच जात. एक गोळी, फार तर दोन. घरी आल्यावर आंघोळ करत, मगच जेवत.

रायफलीच्या मागच्या सरकत्या दांड्याला बोल्ट म्हणतात. तो काढून घेतला की रायफल नुसती काठी. आमच्या घरची रीत अशी की रायफल पुरुषाच्या कपाटात आणि बोल्ट बाईच्या देवघरात. रागाच्या भरात रायफल उचलली तरी बोल्ट बाईला मागावा लागतो, तेवढ्यात डोकं थंड होतं. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. बोल्ट मागताना मामाजी कशासाठी ते सांगत, आणि मी दिवा लावून फडक्यात गुंडाळलेला बोल्ट हातात देई. ते फडकं त्यांनी कधी माझ्यासमोर उघडून तपासलं नाही.

दोन हजार वीस साली बदललेल्या कायद्याची नोटीस आली. एका लायसनवर आता दोनच हत्यारं, तिसरं जमा करा. मामाजींनी आठ दिवस घेतले. शेवटी म्हणाले, इच्छापूरची देतो, विलायती आजाची आहे. मी हिरव्या फडक्यातला बोल्ट दिला. ठाण्यात बॅरलवरचा नंबर लिहून घेतला आणि पावती दिली.

चूक त्याआधीच होऊन गेली होती. दसऱ्याला शस्त्रपूजा होती. तिन्ही बोल्ट मी तेलाच्या हातानं पुसले, पाटावर मांडले, कुंकू लावलं आणि नव्या फडक्यांत गुंडाळले. लाल विलायतीचं, हिरवं इच्छापूरचं, पिवळं बावीसचं. पहिले दोन बोल्ट दिसायला अगदी जुळे. फरक काय तो दांड्यावरच्या बारीक नंबराचा. तोंडानं स्तोत्र चालू होतं. नंबर मी पाहिलाच नाही.

पुढच्या भादव्यात शेजारच्या चंपतच्या मक्याला कणसं धरली आणि डुकरं आली. कागद झाला. मामाजींनी लाल फडकं मागितलं, तेल द्यायला ओसरीवर बसले. त्यांचा अंगठा दांड्यावरून फिरला आणि थांबला.

"दमयंती, हा इच्छापूरचा आहे."

मी वाकून दांड्यावरचा नंबर वाचला. विचारलं, "बसते ना पण तिच्यात?"

"बसते. पण बसणं निराळं अन् जुळणं निराळं. कारतूस मागं फुटलं तं माहं तोंड जाईन." मग चंपतला निरोप दिला, की फटाके लाव बाबा, आमच्याच्यानं होत नाही.

ठाण्यात मी सोबत गेले. रायफल जिल्ह्याच्या मालखान्यात, जमा माल ठेवतात तिथं, गेली होती, म्हणून तिकडं गेलो. तिथला कारकून तेलुगू, पण मराठी चांगलं बोलायचा. म्हणाला, अदलाबदल होऊन जाते सार, अर्ज द्या. चूक कशी झाली, बोल्ट कोणाच्या ताब्यात होते, तेवढं लिहा.

"घरच्या बाईच्या ताब्यात असन तं?"

"मग तिच्यावर केस सार. बिनालायसन हत्याराचा भाग ठेवला ना."

"अन् माह्याच ताब्यात होते म्हटलं तं?"

कारकून म्हणाला, "मग नंबर कसा दिसला नाही, ते विचारतील. नजर गेली म्हणाल, तर लायसन राहत नाही."

मी तोंड उघडलं. मामाजींची काठी माझ्या पायावर येऊन टेकली, जोरानं. डोळ्यांनी न पाहिलेलं पंचनाम्यात कधी लिहिलं नाही, असं ते आम्हाला नेहमी सांगत. त्या दिवशी त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "दोन्ही बोल्ट माझ्याच ताब्यात होते, नजर अधू झाल्यानं अदलाबदल झाली." दोन महिन्यांनी हुकूम आला. विलायती गेली, बावीसही गेली, लायसनचं पुस्तक त्यांनी स्वतः टेबलावर ठेवलं.

तिथून येताना बसमध्ये म्हणाले, "हेरंबलाही हेच सांगजो. घरातून शब्द फुटला तं ठाण्यात पोचते." हेरंब म्हणजे माझे मालक, आदिलाबादला बँकेत आहेत. त्यांनी मामाजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मामाजींनी तिथं खालच्या तीन ओळी येत नाहीत म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात त्यांना हाताला धरून नेतात, आणि ते धरू देतात. पेपर चारचौघांत वाचायचा त्यांनी सोडला आहे.

आता सकाळी पूजा झाली की मी त्यांना पेपर वाचून दाखवते. परवा वाचताना एक ओळ माझ्याकडून सुटली. ते शेजारीच बसले होते, नजर पानावर. ती सुटलेल्या ओळीवरच राहिली, पुढच्या ओळीवर गेली नाही एवढंच. मी मागे आले आणि ती ओळ वाचली.