छत्रीचं टोक

त्याने छत्रीच्या टोकाने माझं मनगट बाजूला सारलं.

हाताने नाही. छत्रीने. रस्त्यात मेलेलं कुत्रं काठीने सारतात तसं. समोर टेबलावर केरीचा एक तरणा माणूस होता, होडीवर काम करणारा, समुद्रातून काढलेला. त्याच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. मी एवढंच म्हणालो होतो, "साहेब, हे वळ बघा."

डॉक्टर म्हणाला, "तूं काप. पळोवपी हांव आसां."

म्हणजे बघणारा तो. शवागाराच्या उंबऱ्याबाहेर, नाकावर रुमाल धरून बघणारा. टेबल त्याने मुद्दाम दाराशी ओढून घ्यायला लावलं होतं. माणूस बाहेर, छत्री आत. कुठे चिरायचं ते छत्री दाखवायची.

मी चिरलं. शिवलं. वळांचं कुठे लिहिलं गेलं नाही.

मरणाच्या तपासात प्रत्येकाला काम आहे. हवालदार पंचनामा करतो, पंच सह्या करतात, फोटोवाला फोटो काढतो, डॉक्टर मरणाचं कारण लिहितो. यात मी कुठे? कुठेच नाही. कागदावर मी शिपाई. पण बारा वर्षं चाकू माझ्याच हातात. मी आतून ओरडायचो, काळीज असं आहे, फुप्फुस तसं आहे. तो बाहेर लिहायचा. आणि कोर्टात शपथेवर सांगायचा, मी तपासलं.

माझा बाप सिंधुदुर्गातून डिचोलीला खाणीवर कामाला आला होता. खाण बंद पडली, बाप घरी बसला आणि मी या नोकरीला गेलो. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात हे चालतं ना?" तुमच्यात! मी मान खाली घालून म्हणालो, चालतं. पोट होतं. त्या उत्तराची लाज मला अजून वाटते.

केरीच्या त्या माणसाची आई आठवड्याने दवाखान्यात आली. डॉक्टरकडे गेली नाही, पोलिसाकडे गेली नाही. मला शोधत मागच्या नळापाशी आली. प्रेत न्हाऊ घालताना तिने वळ पाहिले होते.

"तुकाच विचारतंय," ती म्हणाली. "तुजे हात लागलेत माज्या झिलाक. तुका दिसाक नाय?"

मी बादली उचलली आणि आत निघून गेलो. माझ्यासारखा भित्रा मीच.

त्यानंतर चार महिन्यांनी शेवंती आली. हळर्णची, काजूच्या कारखान्यात काम करणारी. बंद खाणीत साचलेल्या पाण्यात सापडली. कपडे धुताना पाय घसरला, असं हवालदार म्हणाला. त्याने पंचनामा वाचून दाखवला. अंगावर जखम नाही. केस बांधलेले.

बांधलेले, म्हणजे कुणी सोडलेच नव्हते. पंच दोघे गावातले पुरुष. परक्या बाईच्या अंबाड्याला हात कसा लावायचा, म्हणून लावला नाही. हवालदारानेही नाही. त्यांना संकोच परवडतो. आमच्या हातांना कुणी तो ठेवलाच नाही.

छाती-पोट चिरून झाल्यावर मी अंबाडा सोडला. मागे खोक होती. खोल. बोटाखाली हाड हललं.

"साहेब, डोक्याला मार आहे. आत येऊन बघा."

"पडताना दगड लागलो आसतलो." मरणाचं कारण त्याने आधीच लिहून टाकलं होतं, बुडून मृत्यू. छत्री आत आली. टोक माझ्या मनगटावर. "शिव."

नेमकं त्याच जागी. मला केरीची ती बाई आठवली.

मी सुई ताटलीत ठेवली. "शिवणार नाही. आधी तुम्ही बघा."

"नोकरी वचत तुजी."

"जाऊ दे."

म्हणालो खरा, पण घरी दोन पोरी शाळेत जाणाऱ्या. हवालदार दाराशी आला. "कित्याक तंटो करतस रे? शिव आनि मोकळो हो." कुणीही मोकळं होऊ शकत नव्हतं. शिवल्याशिवाय प्रेत देता येत नाही, आणि दवाखान्यात दुसरं कुणी सुईला हात लावणार नव्हतं. ज्या कामाने मला खाली बसवलं होतं, तेच काम त्या दिवशी सगळ्यांना अडवून उभं होतं.

व्हरांड्यात शेवंतीचा भाऊ बसला होता. तिला नेसवायची नवी साडी मांडीवर. आवाज ऐकून तो उठून आला. "काय झालां?"

आमच्या लोकांनी नातेवाइकांशी बोलायचं नसतं. मी बोललो. "तुज्या भयणीच्या डोक्याक मार आसा. डॉक्टर बघूक येणत नाय."

तो साडी घेऊन दारातच उभा राहिला. डॉक्टरकडे बघत म्हणाला, "बघल्याबगर मी तिका नेवचंय नाय."

हवालदार दारातून बाजूला झाला. मग डॉक्टरने उंबरा ओलांडला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"छत्री बाहेर ठेवा," मी म्हणालो. "हातमोजे घाला."

त्याने छत्री दाराच्या कडीला अडकवली. हातमोजे घातले. खोकेत बोट घातलं, आणि त्याचं तोंड उतरलं. हवालदाराला म्हणाला, "फोटोवाल्याक आपय." हवालदार फोटोवाल्याला बोलवायला गेला. लिहिलेला कागद डॉक्टरने फाडला.

तपास चालू आहे. कुणी मारलं ते मला ठाऊक नाही, ते शोधणं पोलिसाचं काम. अहवालात माझं नाव नाही. मला मात्र नोटीस आली, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. शेवंतीच्या तपासात माझा जबाब घेताना हवालदाराने विचारलं, "धंदो काय घालू? शिपाय?" म्हणालो, "शव मी उघडतो. तसंच लिही." त्याने लिहिलं.

मग केरीला गेलो. त्या आईला सांगितलं, वळ होते, मी पाहिले, गप्प बसलो. तिने माझ्या तोंडावर दार लावलं. बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन वळांबद्दलही जबाब दिला. डॉक्टरचा दोष लिहून दिला, माझाही दिला. गप्प बसल्याची शिक्षा होणार असेल तर होऊ दे.

नोटिशीचा निकाल लागायचा आहे. तोवर मी कामावर आहे. शवागाराचं टेबल आता दाराशी नाही, मी ते ओढून पार मागच्या भिंतीला लावलंय. छत्री तिथे पोचत नाही. ज्याला मरणाचं कारण लिहायचं आहे त्याने चालत तिथपर्यंत यायचं. तो येईपर्यंत मी सुई उचलत नाही.