ती विहीर शैलाताईंनी ओळखली होती

कंपनीच्या बसमध्ये होतो, मोशीच्या पुढे. शैलाताईंच्या भावाचा फोन आला. "दिलीप, ताई गेली रे..." बस चाकणला पोहोचली, सगळे उतरले, मी बसूनच राहिलो. त्याला आज पाच आठवडे झाले.

शैलाताई आणि मी अकरा वर्षं शेजारी बसून काम केलं. आमच्या कारखान्यात तेलविहिरींच्या तोंडावर बसवायचे, प्रवाह कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह बनतात. एखादा त्रास देऊ लागला की तिथे जाऊन दोष शोधायचा, हे आमचं काम. ताई काळेवाडीच्या. वडील कारखान्यात फिटर. डिप्लोमाच्या वर्गात ही एकटी मुलगी. मी लातूरकडचा, नवखा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आधी नीट बघ, पाना नंतर उचल."

गुजरातमधल्या एका विहिरीवरून तक्रार आली, तुमचा व्हॉल्व्ह खराब आहे. आम्ही दोघं गेलो. तिथे तेल सरळ येतच नव्हतं. बराच वेळ नुसता वायू फुसफुसायचा, मग पाइप थरथरायचा आणि तेलाचा लोंढा धाडकन यायचा, पुन्हा सामसूम. मी व्हॉल्व्ह खोलायला निघालो होतो, ताईंनी थांबवलं. दिवसभर उन्हात खुर्ची टाकून दर पाच मिनिटांनी प्रेशरचा आकडा वहीत लिहीत बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "व्हॉल्व्ह चांगला आहे. आत नळीत तेल साचतंय, खाली वायू कोंडतोय, आणि पुरेसा कोंडला की सगळं एकदम वर ढकलतोय. तोंड जरा आवळू या. वरून दाब राहिला तर दोन्ही बरोबर येतील." तिथली माणसं उलट तोंड आणखी उघडा म्हणत होती. ताईंनी ऐकलं नाही. थोडं आवळायचं, थांबायचं, काटा बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा स्थिरावला, तेव्हा लहान मुलीसारख्या हसल्या.

अहवाल मी टाइप केला. परतल्यावर मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, "शाब्बास दिलीप, बरोबर ओळखलंस." ताई समोरच बसल्या होत्या. मी गप्प राहिलो... माझ्या बढतीचं चाललं होतं. ती मिळाली.

त्या दिवशी बसची वाट बघताना ताई म्हणाल्या, "एकदा बोलायचं होतंस. माझं दुसऱ्यांनी घेतलं तर मला सवय आहे. तू घेशील असं नव्हतं वाटलं."

दोन महिने त्या कामापुरतंच बोलल्या. मग एक दिवस डब्यातली मेथीची भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढली. त्यांच्यापुरता विषय संपला. मला मात्र रोज वाटायचं, आज माफी मागू. चार वर्षं वाटत राहिलं.

ताईंच्या पोटाचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. पिंपरीच्या दवाखान्यात मी ठरवूनच गेलो. "ताई, त्या विहिरीचं..."

"राजस्थानची ना? ग्राफ आणलास?"

राजस्थानातल्या एका विहिरीवर तेव्हा आमचं काम चालू होतं, त्यांना तीच वाटली. मी मोबाइलवरचा ग्राफ पुढे धरला. डोळे बारीक करून त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "इथं घाई केलीत तुम्ही." एवढ्यानंच दमल्या, डोळे मिटले. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. उद्या येऊन बोलू, असं म्हणत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तो फोन आला.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला काळेवाडीच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ती विहीर ताईंनी ओळखली होती, मी नाही. साहेबही आले होते.

लोक पांगल्यावर ताईंच्या आई जवळ आल्या. "हे तिला सांगितलं होतंस का रे?"

"नाही, आई."

त्यांनी माझा हात धरला. मग मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दाराच्या मागे ताईंचा कंपनीचा निळा शर्ट अडकवलेला होता, कडक इस्त्रीचा.

"दवाखान्यात निघायच्या आधी तिनंच केली इस्त्री," आई म्हणाल्या. "म्हणाली, सोमवारी कामावर जायचंय."

मला त्या शर्टाला हात लावायचा होता... धीर झाला नाही.