आधी तिचं ऐका

मांजरालासुद्धा त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा होता कामा नये, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. जन्मभर सरकारी कचेरीत लोकांना 'कारणे दाखवा' नोटिसा धाडून मामा निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत बोक्यानं दूध सांडलं तरी मामा विचारणार, "त्यानंच सांडलं कशावरून? कुणी पाहिलं?" मामींनी एकदा त्यांच्या जुन्या बनियनचं फडकं केलं. "एक संधी तरी द्यायची होतीस त्याला," मामा कळवळून म्हणाले. "दिली की! गेल्या दिवाळीपासून देतेय," असं म्हणत मामी त्याच फडक्यानं ओटा पुसू लागल्या. चाळीचा रखवालदार ड्युटीवर झोपतो म्हणून कमिटीनं त्याला काढायचं ठरवलं, तेव्हा मामांनी हट्टानं त्याची रीतसर सुनावणी घ्यायला लावली. गड्यानं गावाकडच्या म्हशीपासून जी सुरुवात केली, ती ऐकता ऐकता कमिटीतलेच दोघे बसल्या जागी घोरू लागले. नोकरी अर्थातच वाचली.

अशा या मामांचं वैर एकाच गोष्टीशी, मासळीच्या वासाशी. चाळीच्या फाटकापाशी, बरोबर त्यांच्या खिडकीखाली, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून येणारी एक कोळीण पाटी मांडून बसते. माझ्या लग्नाआधीपासून बसते. तिला तिथून हलवावं म्हणून मामा वॉर्ड ऑफिसात अर्जांवर अर्ज करायचे आणि तिकडून कधी ब्र निघायचा नाही. मग एके सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी खरंच आली. माणसांनी बाईची पाटी उचलली, बर्फ रस्त्यावर ओतला. "अरं, पोट हाय माझं त्याच्यावर!" ती ओरडत होती. मी नेमका मामांकडे चहाला गेलो होतो. मला वाटलं, मामा आता मामींना शिरा करायला सांगणार. पण ते लेंग्या-बनियनवरच खाली धावले आणि गाडीसमोर उभे राहिले.

"हिला नोटीस दिलीत?"

"तुम्ही कोण?" गाडीबरोबर आलेल्या साहेबानं विचारलं.

"तक्रारदार!"

साहेब चक्रावला. "अहो काका, तुमच्याच अर्जावरून आलोय आम्ही."

"अर्ज माझाच. पण हिचं कुणी ऐकलंय? सरकारला जागा घ्यायची तर घ्या, पण माणसाचं म्हणणं ऐकून मग घ्या. घटना आहे या देशात! ती पाटी आधी खाली ठेवा."

गर्दी जमली, दोनचार मोबाइल वर झाले आणि पाटी खाली आली.

पुढे वॉर्ड ऑफिसात सुनावणी लागली. आदल्या संध्याकाळी काय काय मुद्दे मांडायचे ते मामांनी स्वतः त्या बाईला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याचविरुद्ध तावातावानं भांडले. वासाचं वर्णन तर त्यांनी असं केलं, की मला तिथंच सुरमईची भूक लागली. मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाईला खुर्ची दिली आणि बोलायला सांगितलं. आधी ती चाचरली, पण नंतर फार सुंदर बोलली. निकाल तिच्या बाजूनं लागला. जागा तिचीच राहिली.

बाहेर आल्यावर ती मामांना म्हणाली, "काका, नवरा गेला तवा दीरांनी होडी विकून टाकली. मना कुनी इचारलं पन नाय. आज पयल्यांदा कुनी बस म्हनला, बोल म्हनला." मामा नुसते चष्मा पुसत राहिले.

निकालाविरुद्ध अपील करायचा मामांना हक्क होता. मुदत संपल्यावर मी मुद्दाम विचारलं. "राहून गेलं रे," ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. मामांचं आजवर काही राहून गेलेलं मी पाहिलेलं नाही.